दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

लिफ्टसाहेबांची गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना पहिल्यांदा ‘खर्र’ करून ओरडली, तेव्हा साहेबांना राग आला तो गाडीचा नव्हे, बायकोचा. शेजारच्या सीटवर ताठ बसलेल्या बायकोला त्यांनी विचारलं, “ऐकलंस?” आणि ती म्हणाली, “काय?”

आता ‘काय’ हा तसा निरुपद्रवी शब्द. संसारात दिवसातून शंभरदा लागतो. पण हा ‘काय’ लिफ्टसाहेबांना लागला, आणि तोही मर्मावर. कारण साहेबांची उभी हयात कानावर गेलेली. सरकारी खात्यात ते लिफ्ट तपासायचे. बाकीचे निरीक्षक इमारतीत गेले की आधी चहा मागवत. साहेब सरळ गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन दाराला कान लावत. एका इमारतीत पाऊल टाकता टाकताच ते म्हणाले होते म्हणे, “सातव्या मजल्यावर लिफ्टला सर्दी झालीय.” वर जाऊन बघतात तो खरोखरच एका चाकाला गंज चढलेला. ही गोष्ट सांगणारे लोक मजला दर वेळी वाढवून सांगतात, त्यामुळे तो पहिल्यांदा कितवा होता हे आता कोणालाच ठाऊक नाही. पण सगळी वसाहत त्यांना लिफ्टसाहेब म्हणते ती काही उगाच नाही.

अशा माणसाला जो आवाज ढळढळीत ऐकू येतो, तो त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या बाईला येत नाही, म्हणजे काय?

“अगं, गिअर टाकला तेव्हा. खर्र.”

“मला नाही बाई काही कळलं.”

“कळायचं काय त्यात? ऐकायचं असतं.”

“पुढे बघा हो आधी,” ती म्हणाली.

तिथवरही निभावलं असतं. घरोघरी निभावतंच. पण त्याच आठवड्यात साहेबांचं लायसन्स नवं करून घ्यायची वेळ आली, आणि त्यांच्या वयाला नुसता फोटो आणि फी पुरत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे बरे, कान बरे, हातपाय बरे. डॉक्टर लांबचे नव्हते. तळमजल्यावरच त्यांचा दवाखाना होता, आणि वहिनी (सगळी वसाहत त्यांना वहिनी म्हणते, आपणही म्हणू) पोटऱ्या दुखतात म्हणून तिथे नेहमी जायच्या. मलम घेता घेता त्या निरागसपणे बोलून गेल्या, “ह्यांना हल्ली गाडीत आवाज ऐकू येतात.”

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. पण साहेब दाखला मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि टोपण काही काढलं नाही.

“साहेब, सही काय, आत्ता करतो. फक्त ते आवाजाचं जरा मिटू दे. आवाज गाडीत आहे की कानात, एवढं ठरलं की झालं.”

“कानात?”

“येतो हो कधी कधी, या वयात. बसल्याजागी शिट्टी वाजते, कुणाला रातकिडे. तुमचं जरा खर्र.”

साहेबांच्या रागाचे प्रकार वसाहतीला पाठ होते. साधा राग आला की ते मोठ्याने बोलत. त्याच्या वरचा आला की हळू बोलत. सर्वांत वरचा आला की ते अतिशय सभ्य होत. ते डॉक्टरांना म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. फार आभारी आहे,” आणि दवाखान्याचं दार इतक्या हलक्या हाताने लावून बाहेर पडले की बाकावरचे रोगी घाबरले.

तर प्रकरण असं उभं राहिलं. आवाज सिद्ध झाला तर कान शाबूत, दाखला, लायसन्स, आणि गाडीची किल्ली साहेबांच्या खिशात. नाही झाला तर कान गेलेले, आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला. आणि गाडी म्हणजे निवृत्तीनंतर साहेबांच्या हाताखाली उरलेली एकमेव कर्मचारी.

पहिला सल्ला चालत घरी आला. समोरच्या दारात बँकवाले राहत. त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे सगळ्याच गाड्यांबद्दल त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

“साहेब, राग मानू नका,” बँकवाले म्हणाले. हे शब्द ऐकले की माणसाने राग मानायला बसून घ्यावं. “तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?”

“मी?”

“बरेच जण ठेवतात. कळतसुद्धा नाही. आमच्या मॅनेजरांचा पाय तर कायम…”

“तुमच्या मॅनेजरांचा पाय त्यांच्यापाशी. बसा गाडीत.”

वहिनी घरी राहिल्या, बँकवाले पुढच्या सीटवर पसरले. साहेबांनी त्यांना बाजारातून फिरवलं, पुलावरून नेलं, चढावर चढवलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, पुन्हा तिसऱ्यात. हात दुखून आला. गाडी अशी गुपचूप, जशी परीक्षक वर्गात आल्यावर वात्रट कार्टी. बँकवाले मात्र सारा वेळ आपल्या मॅनेजरांच्या पायाबद्दल बोलत होते. परत येताना त्यांनी सीटवर थाप मारली.

“लोण्यासारखी चालते हो गाडी.”

आपलं तापाने फणफणलेलं पोर कोणी कडेवर घ्यावं आणि ‘किती गुटगुटीत’ म्हणावं, तसं साहेबांना झालं. गाडीची इतकी स्तुती त्यांनी जन्मात कधी इतक्या रागाने ऐकली नव्हती. आणि संध्याकाळी भाजी आणायला वहिनींना घेऊन निघाले तर कोपरा वळून पुढच्या टेम्पोला मागे टाकायला म्हणून तिसरा टाकला मात्र, खर्र.

“आता?” साहेब गरजले. “आता तरी?”

वहिनींचे डोळे मिटलेले होते. “गेला का टेम्पो?” त्यांनी विचारलं.

मग साहेब कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे सगळं काचेचं होतं. काचेच्या मागे एक तरणा सल्लागार, गळ्यात टाय, समोर संगणक.

“आवाज दाखवा सर.”

“आवाज दाखवत नाहीत, ऐकवतात.”

“तेच सर. आमच्यासमोर आला पाहिजे. नाहीतर सिस्टिम तक्रार घेत नाही. वॉरंटीत बसत नाही.”

“तुमच्यासमोर नाही आला तर तो नाहीच का?”

“असतो ना सर. सिस्टिममध्ये नसतो फक्त.”

सल्लागाराने गाडी चालवली, आवाज नाही. साहेबांनी चालवली, सल्लागार शेजारी फोनमध्ये मान घालून, आवाज नाही. परत येऊन त्याने तक्रारीच्या रकान्यात टाइप केलं ते साहेबांनी काचेतून उलटं वाचलं: ‘ग्राहकाच्या मते आवाज.’ या ‘मते’ने साहेबांच्या डोक्याची शीर उठली. खात्यात त्यांनी शेरा मारला की अख्खी इमारत जिन्याने चढायची. आणि आज त्यांचा कान एका पोराच्या सिस्टिममध्ये नुसतं एक मत होऊन बसला होता.

पण साहेब पुरावा घेऊनच आले होते. आदल्या दिवशी वहिनी शेजारी असताना त्यांनी फोन चालू करून आवाज टिपला होता. प्रतीक्षागृहातली सगळी गिऱ्हाइकं बघत असताना त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. काचेच्या त्या थंडगार खोलीत साहेबांचाच आवाज घुमला: “अरे ए टोणग्या, रस्ता काय आजोबांनी लिहून दिलाय? याला लायसन कुणी दिलं? हल की. हल म्हणतो ना. ऐकलंस? ऐकलंस का? तुला म्हणतोय, ऐकलंस?”

खर्र जो काय होता, तो दोन ‘ऐकलंस’च्या मध्ये चेंगरून मेला होता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर साहेबांना भांडता तरी आलं असतं. सल्लागाराने आवाज खाली आणून फार मऊपणे विचारलं, “सर, गाडी बंद असताना पण ऐकू येतो का?”

साहेब म्हणाले, “फार आभारी आहे,” आणि निघाले.

आता उरला मेस्त्री. त्याचं गॅरेज म्हणजे गल्लीच्या टोकाला एक पत्रा, आणि त्याचा आत्मविश्वास मात्र पत्र्याहून मोठा. गाडी थांबायच्या आधीच तो म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवायला लागणार.”

“अजून मी काय होतंय ते सांगितलं नाही.”

“सांगू नका. तुम्ही सांगितलं की माझं चुकतं.”

साहेबांना हे बोलणं पटलं नाही पण आवडलं. इतक्या दिवसांत कोणीतरी त्यांच्या गाडीत दोष आहे असं मानत होतं. गिअरबॉक्स उतरला. त्याची चाकं, दांडे, कड्या मेस्त्रीने जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या, तेव्हा साहेब उकिडवे बसून एकेका दात्यावरून बोट फिरवत राहिले. सगळे दाते धडधाकट. मेस्त्रीने बराच वेळ डोकं खाजवलं आणि एक पितळी कडी उचलली.

“ही बदलून टाकू.”

“खराब आहे?”

“खराब नाही. पण आता एवढं उघडलंय तर तसंच बंद केलं तर बरं दिसत नाही.”

बंद करताना एक बोल्ट उरला. मेस्त्रीने तो खिशात टाकला. “हा कंपनी जास्तीचा देते,” तो म्हणाला. साहेबांनी ते ऐकून घेतलं. माणूस बुडायला लागला की कुठल्या काडीला धरलंय हे बघत नाही.

येताना साहेब एकटे होते. गाडी पाण्यातून मासा जावा तशी चालली. तिसरा, दुसरा, तिसरा. चूं की चां नाही. घराखाली आल्याआल्या त्यांनी हॉर्न वाजवून वहिनींना खाली बोलावलं, बँकवाल्यांच्या खिडकीकडे मुद्दाम बघितलं, आणि फेरफटक्याला निघाले. गल्ली संपायच्या आत, एका रिक्षाच्या अंगावरून तिसरा टाकताना: खर्र.

साहेबांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. त्या दिवशी ते ना मोठ्याने बोलले, ना हळू, ना सभ्यपणे. वहिनींना काळजी वाटली.

“अहो, बरं वाटत नाही का?”

“गाडीला माझा सूड घ्यायचाय,” साहेब म्हणाले. “पण का, ते मला कळत नाही.”

रविवारी सकाळी ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले. डॉक्टर पायजम्यात होते.

“चला.”

“कुठे?”

“आवाज ऐकायला. कपडे बदलायची गरज नाही, कान बरोबर घ्या.”

डॉक्टर मागे बसले, कारण पुढची सीट वहिनींची. मागे बसलं की त्यांना मळमळतं. गाडी निघाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक पाण्याचा टँकर पुढे रेंगाळत होता. साहेबांनी काच खाली केली, त्याला दोन शब्द ऐकवले, गाडीचं नाक फटीत घातलं, तिसरा टाकला. खर्र.

“आला,” डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी मान वळवली. “काय म्हणालात?”

“आला आवाज. चांगला स्वच्छ आला. अहो पुढे बघा.”

त्या क्षणी साहेबांच्या छातीत जे झालं त्याला आनंद म्हणता येणार नाही. तो रागच होता, पण न्याय मिळालेला राग. त्यांनी गाडी कडेला थांबवली. डॉक्टरांनी पायजम्याच्या खिशातून घडी केलेला दाखला काढला, गुडघ्यावर ठेवला आणि ‘श्रवणशक्ती उत्तम’ असं लिहून सही केली. साहेबांनी तो शर्टाच्या खिशात घातला, वरून थोपटला.

इथे घरी गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि साहेब मरेपर्यंत सुखात राहिले असते. पण ज्याला नुसतं जिंकून भागत नाही, समोरच्याला पुरतं लोळवायचं असतं, त्याला देव मुद्दाम थोडा जास्त वेळ देतो.

“आता कुठून येतो तेही सांगतो,” साहेब म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही चालवा. मी कान लावतो.”

“आता कशाला? सही झाली ना.”

“सही तुमची झाली. माझी व्हायचीय.”

डॉक्टर पुढे गेले आणि साहेब मागे, तेही सीटवर नव्हे. खाली, दोन सीटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन, गाल गाडीच्या तळाला टेकवून. या वयात एवढी घडी कागदाचीही होत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवली. ते रोग्याच्या अंगात सुई घालावी तसा गिअर घालत. दुसरा, तिसरा. काही नाही. पुन्हा. काही नाही.

“माझ्या हातून नाही येत,” डॉक्टर म्हणाले. “मग साहेब, तुमच्याच चालवण्यात काहीतरी…”

“माझ्या चालवण्यात काही नाही,” तळातून आवाज आला. “माझ्यासारखी चालवून बघा म्हणजे कळेल.”

“तुमच्यासारखी म्हणजे कशी?”

“मी सांगते,” वहिनी म्हणाल्या.

सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य. त्यांनी पदर सारखा केला.

“आधी काच खाली करा. हां. आता तो पुढचा टेम्पो दिसतो ना? तो तुम्हाला मुद्दाम अडवतोय असं समजा.”

“तो आपला चाललाय हो सरळ.”

“सरळ चाललाय, पण तुमच्या वाटेत. आता त्याच्या अगदी शेपटीला लागा. अजून. अजून जवळ. त्याच्या मागे काय लिहिलंय ते चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. हॉर्न. एवढासा नाही, हात काढायचाच नाही. आता म्हणा, ‘याला लायसन कुणी दिलं?’”

“याला लायसन कुणी दिलं,” डॉक्टर पुटपुटले.

“मनापासून म्हणा.”

“याला लायसन कुणी दिलं?” डॉक्टर ओरडले, आणि त्यांना मजा यायला लागली. “अरे ए, हल की.”

“आता समोरून बस येतेय. तिच्या आधी आपण निघालो पाहिजे, नाहीतर घराण्याची अब्रू जाईल. तिसरा टाका.”

खाली साहेब हे सगळं ऐकत होते आणि त्यांच्या कानशिलांवर रक्त चढत होतं. हा कोण बेमुर्वत माणूस गाडी हाकतोय, असा विचार त्यांच्या मनात आला आणि अर्ध्यावर अडखळला. डॉक्टरांनी क्लच दाबला, तिसरा टाकला.

खर्र.

साहेबांचा कान त्या जागेपासून वीतभर होता, आणि डोळा त्याहून जवळ. त्यांनी पाहिलं, पुढच्या सीटखाली वहिनींचे दोन्ही पाय. चपला सुटलेल्या, बोटं दुमडलेली, टाचा तळात रुतलेल्या, पोटऱ्या दोरखंडासारख्या ताणलेल्या. त्या दाबाने अख्खी सीट वहिनींसकट तिच्या रुळावर एक दाता मागे घसरली. रुळाचे दाते झिजून गुळगुळीत झालेले; खर्र होत होतं ते तिथेच. टेम्पो मागे पडला, पाय सैल झाले, वहिनींनी बसल्या बसल्या अंग हलवून सीट पुन्हा पुढे घेतली, पोळपाट सरकवावा तशी. सवयीने. डॉक्टरांचं सोंग होतं हे वहिनींना ठाऊक होतं. पायांना कोण सांगणार?

“थांबवा,” साहेब खालून म्हणाले.

गाडी थांबली. साहेबांना बाहेर काढायला दोघं लागले.

“अगं, हे पायांनी काय करतेस?”

“ब्रेक लावते.”

“तिथे ब्रेक नाही.”

“माहितेय मला,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून तर एवढ्या जोरात दाबते.”

“तरीच,” डॉक्टर म्हणाले. “मी इतकं मलम देतोय, पोटऱ्या काही बऱ्या होत नाहीत.”

“आणि एवढा आवाज तुला कधी ऐकू आला नाही?” साहेबांचा आवाज चढला.

“त्या वेळी मी दुसऱ्या विचारात असते.”

“कसल्या?”

“आपल्या दोघांच्या मागे मुलीचं कसं होईल, या.”

वहिनींनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते भाजी चिरताना सांगावं तसं सांगितलं. साहेब रस्त्याच्या कडेला उभे होते, गालाला गाडीतल्या पायपुसणीचे वळ उठलेले, खिशात उत्तम श्रवणशक्तीचा दाखला. मेस्त्रीने सोडवलेला तो निर्दोष गिअरबॉक्स, ती बदललेली कडी, तो उरलेला बोल्ट, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. ज्या आवाजासाठी त्यांनी गाडीचं पोट फाडलं, तो आवाज त्यांच्याबद्दलची तक्रार होती, आणि ती तक्रार सिद्ध करायला त्यांनीच साक्षीदार आणला होता. असा प्रसंग आला की शहाणा माणूस हसून घेतो. साहेब भडकले.

“एवढी भीती वाटते ना? मग तूच चालव.”

ही किल्ली त्यांनी आजवर अनेकदा अशीच पुढे केली होती, आणि ती ‘नको गं बाई’ म्हणून दर वेळी परत आली होती. या खेपेला वहिनींनी ती घेतली. त्यांचं लायसन्स मुलीबरोबरच काढलेलं होतं आणि पर्समध्ये स्वच्छ प्लास्टिकमध्ये होतं. वापरायची वेळ आली नव्हती इतकंच. डॉक्टर मुकाट मागे जाऊन बसले. वहिनींनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, चपला काढून बाजूला ठेवल्या. साहेब शेजारच्या सीटवर बसले आणि हात बांधून समोर बघत राहिले, जसा खटला हरलेला माणूस कोर्टात बसतो.

गाडी निघाली. पहिला, दुसरा. पुढे एक सायकलवाला होता; वहिनी त्याच्या मागे थांबल्या, त्याला वळू दिलं. साहेबांना ते पाहवेना. मग रस्ता मोकळा झाला. समोरून एक ट्रक येत होता, पण लांब, त्याच्या बाजूने, सभ्यपणे. वहिनींनी क्लच दाबला आणि तिसरा टाकला, पानावरून थेंब ओघळावा तसा.

खर्र.

ट्रक गेला. साहेबांनी हळूच खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय तळाला टेकून लाकडासारखे ताठ झाले होते. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

“अहो,” वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “आला का हो काही आवाज?”

साहेबांनी खिशातल्या दाखल्यावर हात ठेवला.

“नाही,” ते म्हणाले. “मला काही ऐकू आलं नाही.”